किती मारले, हे कोणाला सांगायचं?

१९६१ च्या मे महिन्यात अलास्काच्या उत्तर टोकावरच्या बॅरो गावात एक विचित्र गर्दी झाली. १३८ माणसं, प्रत्येकाच्या हातात एक मेलेलं आयडर बदक, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: हे मी मारलंय, बंदीच्या दिवसांत मारलंय, मलाही पकडा. समोर सरकारी वॉर्डन. गावातल्या शिकारीवर त्याने नुकतीच कारवाई केली होती आणि त्यावर गावाने दिलेलं हे उत्तर होतं.

भानगड अशी होती. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना वाचवण्यासाठी अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात १९१६ साली करार झाला. त्यानुसार १० मार्च ते १ सप्टेंबर बदकांची शिकार बंद. दक्षिणेकडे हे ठीक होतं. बॅरोला मात्र बदकं येतात तीच बर्फ फुटायला लागल्यावर, आणि थंडी पडायच्या आत निघून जातात. म्हणजे बदकं असतात तेव्हा बंदी, आणि बंदी उठते तेव्हा आभाळ रिकामं होत आलेलं. इथले मूळचे रहिवासी असलेले इनुपियाट लोक पिढ्यान् पिढ्या वसंतात बदकं मारून खात आले होते आणि करारानंतरही खात राहिले, फक्त गुपचूप. कायद्यात या शिकारीची सोय व्हायला २००३ साल उजाडलं.

या प्रसंगातला निषेध सगळ्यांनाच दिसतो. मला त्यातली नोंद जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवसापर्यंत बॅरोत वसंतात किती बदकं मारली जातात, हे सरकारला विचारून कळणं शक्य नव्हतं. जे केल्याबद्दल अटक होते, त्याचा हिशेब कोण देईल? त्या दिवशी १३८ जणांनी तो आपणहून दिला, सह्यांसकट.

आदिवासी समाज पोटासाठी जी शिकार, मासेमारी आणि सापळेबाजी करतात, तिची मोजदाद करणं हा उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात आता एक रीतसर उद्योग आहे. त्यासाठी कायदे आहेत, मंडळं आहेत, छापील तक्ते आहेत. वरवर पाहता काम साधं वाटतं. घरोघर जायचं, विचारायचं, लिहायचं, बेरीज करायची. प्रत्यक्षात त्या बेरजेतला प्रत्येक आकडा एका प्रश्नावर उभा असतो: ही वही पुढे कोणाच्या हातात जाणार?

आधी मोजायचं कशाला, ते पाहू. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर. त्याच्या कळपात किती जनावरं आहेत, हे विमानातून मोजता येतं. दरवर्षी त्यातली किती माणसाच्या ताटात जातात, ते मात्र विमानातून दिसत नाही. ते शिकाऱ्याच्या घरीच विचारावं लागतं. आणि ते माहीत नसेल तर कळप घटल्यावर दोष लांडग्याला द्यायचा, खाणीला द्यायचा, हवामानाला द्यायचा की बंदुकीला, हे ठरत नाही. बहुतेक वेळा तो बंदुकीला दिला जातो, कारण ती दिसते. म्हणून अलास्कात १९७८ च्या कायद्याने राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात यासाठी वेगळा विभागच काढला. त्याच्या आकडेवारीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. अलास्काच्या ग्रामीण भागात माणशी वर्षाला सव्वाशे किलोच्या आसपास रानातलं आणि पाण्यातलं अन्न खाल्लं जातं. राज्यात मासे आणि वन्यजीव मिळून वजनाने जेवढं काढलं जातं, त्यात या पोटाच्या शिकारीचा वाटा मात्र एक टक्क्याच्या आसपासच आहे. बाकी जवळपास सगळं व्यापारी मासेमारीचं. हा आकडा नसता तर ‘हे लोक सगळं संपवतात’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं?

आता मोजायचं कसं. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकोनांत दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात. कॅनडाच्या आर्क्टिक भागात नेमकी हीच युक्ती वापरली गेली. इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या १९९३ च्या नुनावुत करारानंतर जून १९९६ ते मे २००१ अशी पाच वर्षं तिथल्या इनुइट शिकाऱ्यांच्या शिकारीची नोंद झाली. शिकाऱ्यांना कॅलेंडरं वाटली होती. सील मिळाला की त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं. महिन्याच्या शेवटी गावातलाच एक नेमलेला माणूस घरी येणार आणि त्यांच्याच भाषेत विचारणार: या महिन्यात काय मिळालं, किती मिळालं.

माणूस गावातला असणं ही पहिली अट. त्याला कोण खरंच शिकारीला गेलं होतं ते माहीत असतं. महिन्याची अट स्मरणशक्तीसाठी. मूस हे घोड्याएवढं सांबर मारलेलं कोणी विसरत नाही, पण गेल्या फेब्रुवारीत किती ससे फाशात सापडले हे वर्षाने विचारलं तर कोण सांगणार? मोठ्या जनावरांचे आकडे ‘एक’, ‘तीन’ असे येतात आणि छोट्यांचे ‘पन्नास’, ‘शंभर’. अशा सर्वेक्षणात माशांच्या रकान्यात गोल आकड्यांची गर्दी दिसली की समजावं, हा अंदाज आहे, मोजणी नाही.

यापुढच्या चुका जास्त चकवणाऱ्या आहेत. दोघे मिळून गेले, एक कॅरिबू आणलं, आणि दोघांनीही आपापल्या घरी ‘एक’ सांगितलं तर वहीत दोन होतात. जनावराला गोळी लागली पण ते पाण्यात बुडालं किंवा रानात पळून मेलं, ते घरी आलंच नाही. मग ते कोणाच्या खात्यात? आणि ‘काही मिळालं नाही’ हेही उत्तर असतं. शून्य सांगणारा आणि न भेटलेला, यांना एकाच रिकाम्या रकान्यात टाकलं की हिशेब बिघडला.

न भेटलेल्यांचं एक उदाहरण घेऊ. समजा शंभर घरांच्या गावात साठ घरं भेटली आणि त्यांनी मिळून १२० कॅरिबू सांगितले. त्रैराशिक मांडलं तर गावाचे २०० होतात. पण राहिलेली चाळीस घरं का भेटली नाहीत? म्हातारी माणसं दार उघडत नव्हती म्हणून असेल, तर २०० हा आकडा फुगलेला. ती सगळी शिकारीला गेली होती म्हणून असेल, तर तोच आकडा तोकडा. आणि हे गाव एकसारखं नसतंच. अलास्कातल्या अभ्यासातून दिसलं की साधारण तीस टक्के घरं गावाचं सत्तर टक्के अन्न आणतात. या घरांत दोन-तीन कर्ती माणसं असतात, बोट असते, बर्फावर चालणारी गाडी असते, आणि तिच्या पेट्रोलला पैसे असतात. मग त्यांनी आणलेल्याचे वाटे पडतात: म्हातारी काकू, विधवा बहीण, शेजारी, बाहेरगावी नोकरीला गेलेला पुतण्या. नमुन्यात अशी दोन घरं सुटली तर गाव कागदावर उपाशी दिसतं. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात ‘किती मारलं’ याच्याइतकाच ‘कोणाला दिलं, कोणाकडून आलं’ हा प्रश्न असतो.

वेगवेगळ्या जनावरांची बेरीज करायची तर सगळं किलोत आणावं लागतं. त्यासाठी ठरलेली वजनं असतात. अलास्कात एका मूसचं खाण्याजोगं वजन साधारण २४५ किलो धरतात. पण हाडं उकळून काढलेला रस, जीभ, कातडं, कुत्र्यांना घातलेले मासे यांचं काय? किलोचा हिशेब स्वयंपाकघरातल्या मापाने होत नाही, कार्यालयातल्या मापाने होतो. तक्ता चुकीचा नसतो, फक्त थोडा कोरडा असतो.

चुका तांत्रिक असल्या तर तंत्राने सुधारतात. माणूस मुद्दाम वेगळा आकडा सांगतो तेव्हा पंचाईत होते. यासाठी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली जेम्स बेची गोष्ट सांगायलाच हवी.

तिथल्या क्री आदिवासींत प्रत्येक शिकारी मुलखाला एक सांभाळणारा असतो. कुठे किती बीव्हर (नदी-ओढ्यांवर बांध घालणारा, फरसाठी मारला जाणारा प्राणी) आहेत, यंदा कोणत्या भागाला विश्रांती द्यायची, कोणाला बोलवायचं, हे तो ठरवतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीला बीव्हर जवळजवळ संपले. फरच्या व्यापाऱ्यांनी आणि बाहेरून आलेल्या सापळेवाल्यांनी ते ओरबाडले होते. क्री कुटुंबांची उपासमार झाली. मग रुपर्ट हाउस इथले हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक जेम्स वॉट आणि त्यांच्या पत्नी मॉड यांनी खटपट केली आणि १९३२ मध्ये सरकारने तिथला मोठा प्रदेश बीव्हरसाठी राखून दिला. क्री शिकाऱ्यांनी बीव्हरची जिवंत घरटी राखायची, मोजायची, नकाशावर खुणा करायच्या, असं ठरलं. मोजणारा तो टॅलीमन. आपल्याकडे टॅली म्हटलं की दुकानातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आठवतं. तिकडे त्याच शब्दावरून जंगलातलं पद तयार झालं. सरकारला वाटलं आपण टॅलीमन नेमले. क्री लोकांच्या लेखी तो जुनाच मुलूख सांभाळणारा होता, फक्त आता त्याच्या हातात पेन्सिल होती. १९४० पर्यंत बीव्हर इतके वाढले की सापळे पुन्हा सुरू झाले. या वहीवर क्रींचा विश्वास बसला, कारण तिच्यात लिहिलेलं त्यांच्याच मुलखाला परत मिळत होतं.

१९७१ मध्ये क्वेबेकच्या सरकारने याच प्रदेशातल्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. क्रींना कोणी विचारलं नव्हतं. क्री आणि इनुइट न्यायालयात गेले. तिथे वादाचा एक मोठा मुद्दा हाच होता की हे लोक अजून शिकारीवर जगतात का, की दुकानातलं खाऊन नोकऱ्या करतात. शिकारी साक्षीला आले, काय खातो आणि कुठून आणतो ते सांगू लागले. १५ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी काम थांबवण्याचा हुकूम दिला. आठवड्यातच वरच्या न्यायालयाने तो उठवला, पण तोवर सरकारला वाटाघाटींना बसणं भाग पडलं होतं. ११ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला.

त्या करारात एक कलम असं आहे की दरवर्षी सरासरी किती जनावरं, पक्षी, मासे मारले जातात हे शोधून काढायचं आणि तेवढ्याची हमी द्यायची. जनावरं कमी झाली तर आधी वाटा आदिवासींचा, उरलं तर हौशी शिकाऱ्यांचा. त्यासाठी १९७० च्या दशकात घरोघर नोंदी झाल्या. आता विचार करा, दारात आलेल्या माणसाला काय सांगायचं? जास्त सांगितलं तर हमी मोठी मिळेल. पण ‘हे फार मारतात’ असा शिक्काही बसेल. कमी सांगितलं तर शिक्का टळेल आणि हक्क कायमचा आखडेल. शिवाय एकदा छापलेला आकडा वाढत नाही, माणसं वाढतात. त्या वेळी क्रींची लोकसंख्या काही हजार होती, आज ती दुपटीहून जास्त आहे. हमी म्हणून आलेला आकडा मर्यादा म्हणून वापरला जाण्याची भीती खोटी नव्हती.

तरी या आकड्याचा उपयोग झाला, हेही सांगायला हवं. या भागात कॅरिबूंचे दोन मोठे कळप आहेत. जॉर्ज नदीचा कळप १९९० च्या दशकात सात-आठ लाखांवर होता. २०१८ मध्ये तो साधारण साडेपाच हजारांवर आला. कळप कोसळले तेव्हा क्वेबेकने जॉर्ज नदीच्या कळपाची हौशी शिकार २०१२ मध्ये आणि लीफ नदीच्या कळपाची फेब्रुवारी २०१८ पासून बंद केली. करारातला क्रम कागदावरच राहिला नाही. बंदूक घेऊन विमानाने येणाऱ्या पाहुण्यांचा नंबर आधी गेला.

आता बॅरोला परत. मोजणीच्या साऱ्या वादांतला मला सर्वांत आवडणारा वाद याच गावातला आहे आणि तो देवमाशाचा आहे.

बोहेड जातीचा देवमासा दर वसंतात बर्फाच्या कडेने उत्तरेकडे जातो. इनुपियाट त्याची शिकार शतकानुशतकं करत आले. १८४८ पासून अमेरिकी व्यापारी जहाजांनी तेल आणि जबड्यातल्या पट्ट्यांसाठी या देवमाशांची कत्तल केली आणि धंदा बसल्यावर ती निघून गेली. उरलेल्या देवमाशांचा हिशेब मात्र गावाच्या डोक्यावर आला. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने गावांची शिकारच बंद केली. शास्त्रज्ञांच्या मते बोहेड फार तर हजार-दोन हजार उरले होते, आणि भाल्याचा घाव लागून हातातून निसटलेल्यांची संख्या वाढत होती.

शिकारी म्हणाले, तुमची मोजणी चुकली आहे. शास्त्रज्ञ बर्फाच्या उंचवट्यावर बसून समोरच्या उघड्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे देवमासे मोजत. पट्टा बर्फाने मिटला की मोजणी थांबायची, कारण समजूत अशी की पाणी मिटलं तर देवमासा थांबतो. हॅरी ब्रॉवर सीनियर यांच्यासारख्या जुन्या शिकाऱ्यांनी सांगितलं: तो थांबत नाही. तो बर्फाखालून जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि किनाऱ्यापासून खूप आतूनही जातो, तुमच्या नजरेपलीकडून.

त्याच वर्षी देवमासा पकडणाऱ्या कप्तानांनी आपला स्वतःचा आयोग काढला. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांना तुटपुंजा कोटा मिळाला: पुढच्या वर्षासाठी १२ देवमासे किनाऱ्याला आणायचे किंवा १८ घाव घालायचे, जे आधी पुरं होईल ते. आणि बरोबर एक काम आलं, मोजणी नीट करण्याचं. नॉर्थ स्लोप बरो या तिथल्या स्थानिक सरकारकडे तेलावरच्या कराचा पैसा होता. त्यातून बर्फाखाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, सोडले गेले. वर बसलेल्यांना काही दिसत नव्हतं, तेव्हा खाली देवमाशांचे आवाज येत होते. विमानांनी दूरचे देवमासे टिपले. आकडे चढत गेले. २००१ च्या मोजणीत सुमारे साडेदहा हजार, २०११ मध्ये जवळपास सतरा हजार. यात काही वाढ खरी होती, कारण देवमाशांची संख्या वाढतच होती. पण १९७७ चा आकडा मुळातच तोकडा होता आणि तो का तोकडा आहे, हे शिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं.

इथे कोट्यात ‘घाव’ मोजतात, हे मला फार हुशारीचं वाटतं. किनाऱ्याला आलेलेच मोजले असते तर निसटलेले देवमासे कोणाच्या खात्यात गेले नसते आणि ते लपवावेसे वाटले असते. घाव मोजला की निसटलेला देवमासाही कोट्यातून वजा होतो. मग कप्तान नेम धरायला जास्त वेळ घेतो, चांगली हत्यारं आणतो. मोजणीचं एकक बदललं की शिकारही बदलते. आजची मर्यादा वर्षाला ६७ घावांची आहे, आणि गावं आपसांत उरलेले घाव एकमेकांना देऊ शकतात.

मारलेल्या प्रत्येक देवमाशाची लांबी, नर की मादी, हे लिहिलं जातं. मांस कापायच्या गडबडीत जीवशास्त्रज्ञही बर्फावर असतात आणि गाव त्यांना डोळे, दात नसलेल्या जबड्याच्या पट्ट्या, पोटातलं अन्न तपासू देतं. यातून एक चकित करणारी गोष्ट कळली. काही देवमाशांच्या चरबीत दगडी पात्यांचे तुकडे सापडले, तशी पाती वापरणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंद झालं होतं. २००७ मध्ये मारलेल्या एकाच्या अंगात १८८० च्या आसपासच्या स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला. डोळ्याच्या भिंगातल्या रसायनांवरून वय काढलं तेव्हा एक नर दोनशे वर्षांच्या पुढे गेला. शिकारीची वही नसती तर हे कळायला दुसरी वाट नव्हती.

महाराष्ट्रात याचं काय? ज्या १९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला आणि त्यात अलास्काच्या किनाऱ्यावरच्या आदिवासींना पोटासाठी शिकारीची सवलत ठेवली, त्याच साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्या कायद्यात अशी सवलत आहे ती निकोबारच्या जमातींना. बाकी देशात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, बांबू, तेंदू, तळ्यातले मासे यांवरचा हक्क मान्य केला, पण वन्य प्राण्यांच्या शिकारीचा आणि सापळ्याचा पारंपरिक हक्क त्याच कलमात स्पष्ट वगळला. तो वगळावा की नाही हा वेगळा वाद आहे, आणि आपली जंगलं अलास्काएवढी रिकामी नाहीत हेही खरं.

नोंदीवरचा परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. किनाऱ्यावर २०१८ च्या डिसेंबरपासून राज्याची एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी (व्हेल शार्क) अडकली आणि कोळ्याने जाळं कापून ती सोडली, तर जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. त्यासाठी सोडतानाचा फोटो लागतो. पूर्वी असा जीव अडकला तर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. आता कोळी स्वतः मोबाइल काढतो, आणि कोणत्या बंदराजवळ, कोणत्या महिन्यात, काय अडकतं याची माहिती गोळा होते.

रानात हे झालेलं नाही. वाघूर, म्हणजे शिकारीचं जाळं, कुठे लावायची, तितर कोणत्या वाटेने उतरतं, यंदा ससे का दिसत नाहीत, हे फासेपारध्याइतकं कोणाला माहीत असणार? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, त्यांत पुढे हेही आले. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत वनस्पती, मासे, पक्षी यांचे रकाने आहेत. फासात काय पडलं, हे त्या वहीत तो कशाला सांगेल? सरकारी दप्तरात त्याच्या शिकारीचा आकडा येतो तो एकाच वाटेने, पंचनाम्यातून. आणि तो पकडलेल्यांचा असतो.